एसेन्स: इशाऱ्यांपेक्षा शोधपेटी कामाची

अमेरिकेच्या सीडीसीच्या (रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राच्या) राष्ट्रीय लक्षणाधारित सर्वेक्षण कार्यक्रमात, म्हणजे पक्क्या निदानाची वाट न पाहता लक्षणांवरून साथींवर नजर ठेवण्याच्या कामात, इमर्जन्सी विभागांच्या नोंदी तपासायच्या, तर आरोग्य विभागांच्या हाती मुख्य साधन म्हणजे एसेन्स. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी संरक्षण खात्यासाठी सुरू झालेली ही प्रणाली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीने घडवली. नव्या माणसाला दाखवताना सगळे आधी आकडा अनपेक्षित वाढला की लागणारे लाल-पिवळे इशारे दाखवतात. रोजच्या कामात मात्र खरा उपयोग होतो तो मोकळ्या मजकुरात शोध घेण्याचा, आणि आलेख फुगला की त्यामागची एकेक नोंद उघडून वाचण्याचा.

आधी डेटा कसा येतो ते पाहू, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. रुग्णालयाच्या संगणकातून एचएल७ या आरोग्य-माहितीच्या ठरीव साच्यातले संदेश निघतात: नोंदणीचा ए०४, भरतीचा ए०१, बदलांचा ए०८, डिस्चार्जचा ए०३. त्यांत वय, लिंग, झिप कोड, वेळ, मुख्य तक्रार (रुग्ण कशासाठी आला, ते थोड्या शब्दांत) आणि निदानाचे कोड असतात; रुग्णाचं नाव नसतं. भेटीची तारीख, रुग्णालय आणि रुग्णाचा क्रमांक यांवरून हे सगळे संदेश एका भेटीत गुंफले जातात. म्हणून तोच रुग्ण त्याच दिवशी त्याच रुग्णालयात परत आला, तर दोन भेटींची एकच होते. उलट, रुग्णालयाने मधेच क्रमांकाची पद्धत बदलली तर एकाची दोन.

मुख्य तक्रार बहुतेक ठिकाणांहून एका दिवसात पोहोचते. आयसीडी-१० चे, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले, निदानाचे कोड सावकाश येतात, कारण ते भरणारी माणसं रुग्ण घरी गेल्यावर कामाला बसतात. त्यामुळे कोडवर आधारलेला कोणताही आलेख उजव्या टोकाला उतरलेला दिसतो आणि साथ ओसरली असं वाटतं. अलीकडच्या दिवसांसाठी फक्त तक्रारीवर क्वेरी (शोधाची आज्ञा) चालवावी, आणि कोडची क्वेरी आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा चालवून आधीच्या आकड्यांशी ताडून पाहावी.

आता शोधपेटी. शब्दाच्या दोन्ही बाजूंना टोपीचं चिन्ह (^) दिलं की तो अक्षरसमूह कुठेही सापडला तरी नोंद उचलली जाते. ही सोय आणि हाच सापळा. इंग्रजी अक्षरांत ‘रॅश’ (अंगावरचं पुरळ) शोधाल तर गाड्यांचे ‘क्रॅश’ही येतील. ‘हीट’ टाकलं की ‘व्हीट’ची ॲलर्जी येते, ‘फ्लू’ टाकलं की ‘फ्लुइड’ आणि शिवाय फ्लूची लस घ्यायला आलेले. सगळ्यांत वाईट ‘ओडी’: औषधाच्या किंवा अमली पदार्थाच्या अतिमात्रेसाठी परिचारिका हेच लिहितात, उजव्या डोळ्यासाठीही हेच लिहितात, आणि ‘फूड’, ‘ब्लड’, ‘बॉडी’ या तिन्ही स्पेलिंगांत ती दोन अक्षरं शेजारी बसलेली आहेत. उपाय म्हणजे शब्दाभोवती मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असण्याची अट घालणं आणि ‘अँडनॉट’ या वगळण्याच्या आज्ञेने नको ते काढणं. ट्रायाजची, म्हणजे रुग्ण येताच केलेल्या पहिल्या तपासणीची, टिपणं शोधात घेतली तर ‘ताप नाही म्हणतो’ हेही तापात मोजलं जातं, तेव्हा नकाराची वाक्यं वेगळी काढावीच लागतात. कोड शोधताना टिंबासह आणि टिंबाविना अशी दोन्ही रूपं द्यावीत. हेरॉइन विषबाधेचा टी४०.१ काही रुग्णालयं टी४०१ असा पाठवतात.

क्वेरी तयार झाली की शंभरेक नोंदी डोळ्यांखालून घालाव्यात. हे कंटाळवाणं आहे आणि टाळलं जातं. इतक्या नोंदींत चुकीचे शब्द लगेच उघडे पडतात, आणि नोंदी सहज उघडता येणं हाच एसेन्सचा मोठा गुण.

इशाऱ्यांबद्दल थोडं सबुरीनं. मूळ पद्धत मागच्या २८ दिवसांवर, शेवटचे २ दिवस सोडून, वार आणि सुट्ट्या लक्षात घेणारं प्रतिगमन (आजचा अपेक्षित आकडा काढणारं सांख्यिकी समीकरण) बसवते. ते नीट बसलं नाही तर घातांकी भारित सरासरीकडे (अलीकडच्या दिवसांना जास्त वजन देणाऱ्या सरासरीकडे) वळते. इतकी वाढ निव्वळ योगायोगाने होण्याची संभाव्यता ०.०१ च्या खाली गेली की लाल, ०.०५ च्या खाली पिवळा. आता हिशेब करा: १०० काउंट्या (जिल्ह्यांसारखे विभाग) आणि १२ लक्षणगट म्हणजे १,२०० मालिका. काहीही घडलं नाही तरी निव्वळ योगायोगाने रोज सुमारे १२ लाल आणि ४८ पिवळे. छोट्या काउंटीत एरवी शून्य असेल तर दोन रुग्णांनीही लाल दिवा लागू शकतो. एसेन्समध्ये इयर्स या दुसऱ्या संचातल्या इशारा-पद्धतीही आहेत. त्यांपैकी सी१ तुलनेसाठी अगदी लगतचे ७ दिवस घेते, त्यामुळे हळू चढणारी साथ स्वतःच तुलनेच्या आधारात मिसळते. सी२ मध्ये २ दिवसांचं अंतर सोडतात, म्हणून आमची पसंती तिला. एका दिवसाच्या लाल ठिपक्यावर कुणाला फोन करू नये. सलग दोन-तीन दिवस, शेजारच्या काउंटीतही वाढ, आणि नोंदी वाचल्यावर वय किंवा ठिकाणाचा काही धागा, असं असेल तर करावा.

टक्केवारी वापरताना छेद, म्हणजे एकूण भेटींची संख्या, तपासायचा. २०२० मध्ये २९ मार्च ते २५ एप्रिल या काळात अमेरिकेतल्या इमर्जन्सी भेटी आदल्या वर्षीच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी घटल्या होत्या. अशा वेळी एखाद्या आजाराचे रुग्ण तेवढेच राहिले तरी त्याचा टक्का दीडपटीहून जास्त दिसतो. नुसते आकडे घेतले तर उलटी पंचाईत: नवी रुग्णालयं जोडली गेली की सगळेच आजार वाढलेले दिसतात. दोन्ही आलेख शेजारी ठेवावेत. लांब मुदतीच्या तुलनेसाठी डेटा-गुणवत्तेची चाळणी लावावी. प्रकाशित विश्लेषणांत रुग्णालयाचा विचलन गुणांक (भेटींच्या संख्येतला चढ-उतार सांगणारा आकडा) ४० पर्यंत आणि अर्थपूर्ण निदान असलेल्या भेटी सरासरी ७५ टक्के किंवा अधिक, ही मर्यादा नेहमी दिसते. ती लावली की छोटी ग्रामीण रुग्णालयं गळतात, एवढी किंमत मोजावी लागते.

रुग्णाच्या राहत्या ठिकाणानुसार पाहायचं की रुग्णालयाच्या, हे सुरुवातीलाच निवडावं लागतं. पर्यटनाच्या भागात दोन्हींची उत्तरं फार वेगळी येतात.

पडद्याची मांडणी जुनाट आहे, पर्यायांची यादी लांबलचक, आणि एक चुकीचा खूण-चौकोन संपूर्ण निकाल बदलतो. म्हणून पक्की झालेली क्वेरी जतन करून तिची एपीआय यूआरएल (दुसऱ्या प्रोग्रामला थेट डेटा देणारा वेबपत्ता) आर या सांख्यिकी संगणकभाषेतल्या आरएनएसएसपी या पॅकेजला द्यावी. रोजचा अहवाल हाताविना निघतो आणि कोणते पर्याय निवडले होते याची नोंदही राहते. शेजारच्या राज्याचा तपशील पाहायचा असेल तर त्या राज्याच्या प्रशासकाची परवानगी लागते. ती साथीच्या गडबडीत मागण्यापेक्षा आधीच घेऊन ठेवावी.