गॅलार्डियाचं बी घ्या, पण पाकिटावरचा महिना बघून पेरू नका (5 पैकी 4 स्टार)

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बियांची पाकिटं घेऊन एकजण बसतो, त्याच्याकडून गेल्या वर्षी हे घेतलं, 40 रुपये, मिक्स कलर, आत 50 एक बिया असतील. घाटावर याला गलांडा म्हणतात, हारात असतो बघा, मधे लाल आणि पाकळीच्या टोकाला पिवळा, तोच.

पाकिटावर पेरणी जून-जुलै छापलंय. म्हणून अर्धं बी जूनमध्ये कुंडीत टाकलं, रोपं छान वर आली आणि मग आठ दिवस पाऊस काही थांबेना, सगळी मुळाशी कुजून आडवी झाली, खूप वाईट वाटलं. हे फूल मूळचं अमेरिकेत टेक्सास-ओक्लाहोमाकडचं आणि उत्तर मेक्सिकोचं, कोरड्या रेताड जमिनीत रस्त्याकडेला आपोआप येणारं, त्याला आपला 3000 मिलिमीटर पाऊस कसा झेपणार? कोकण-गोव्यासाठी वेगळा महिना छापायलाच हवा. एक स्टार त्याचा कापला.

उरलेलं बी दसरा झाल्यावर टाकलं, मांद्र्याला आमच्या घरामागे माडांची सावली पडत नाही त्या वाळूत. खत अजिबात नाही, बी नुसतं वरवर भुरभुरवलं आणि हाताने दाबलं, खोल पुरायचं नाही. दहा दिवसांत कोंब आणि डिसेंबर संपता संपता फुलं! खाऱ्या वाऱ्याने आमची शेवंती दरवर्षी करपते, याला काहीसुद्धा झालं नाही. मधमाश्या तर दिवसभर असायच्या.

सासूबाई आधी म्हणायच्या, हे तण कशाला वाढवतेस गं. तिकडेही काहीजण तणच समजतात म्हणे, पण ओक्लाहोमाने 1986 मध्ये हेच आपलं राज्याचं रानफूल ठरवलंय. आता त्याच रोज सकाळी पूजेला तोडून नेतात आणि तोडल्यामुळेच बहर टिकतो, सुकलेली बोंडं झाडावर राहिली की फुलं कमी होतात. आमच्याकडे मे अर्धा होईपर्यंत होती. मिक्स कलर म्हणून नुसती पिवळी दोनच झाडं निघाली, बाकी सगळी लाल-पिवळी, पण ठीक आहे.

शेवटची बोंडं मुद्दाम ठेवली होती, त्यांचं बी पडून यंदा पाऊस सरल्यावर आपोआप उगवलंय, एक रोप तर तुळशीवृंदावनाच्या भेगेत आलं, ते मी काढायला गेले तर सासूबाईंनी हात लावू दिला नाही.