‘कॉपी’चे बटण: राइटटेक्स्ट, एक्झेककमांड की तयार लायब्ररी?

वेबपानावर खाते क्रमांक, आयएफएससी कोड किंवा टर्मिनलमध्ये चालवायची कमांड यांच्या शेजारी ‘कॉपी’चे छोटे बटण द्यायचे असेल, तर आज तीन मार्ग समोर येतात: ब्राउझरचा असिंक (निकाल थोड्या वेळाने देणारा) क्लिपबोर्ड एपीआय, म्हणजे कोडमधून वापरायची सोय नेव्हिगेटर.क्लिपबोर्ड.राइटटेक्स्ट, जुना डॉक्युमेंट.एक्झेककमांड, आणि त्या जुन्या पद्धतीवरच बेतलेली क्लिपबोर्ड.जेएस ही लायब्ररी (तयार कोडचा संच). निवड करताना बहुतेकांच्या डोक्यात जुन्या ब्राउझरची काळजी असते. ती आता फारशी उरलेली नाही, कारण राइटटेक्स्ट क्रोममध्ये २०१८ पासून आणि सफारीत २०२० पासून उपलब्ध आहे. माझ्या मते निर्णय दोन प्रश्नांवर ठरावा: पान कोणत्या पत्त्यावरून उघडले जाणार आहे, आणि बटण दाबले त्या क्षणी मजकूर तयार असतो की तो सर्व्हरवरून यायचा असतो?

पत्त्याचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात मी स्वतः फसलो आहे. राइटटेक्स्ट फक्त सुरक्षित संदर्भात, म्हणजे एचटीटीपीएसवर चालते. लोकलहोस्टला, म्हणजे पान आपल्याच संगणकावरून उघडण्याच्या पत्त्याला, मात्र सूट आहे. गोदामातील मालाच्या नोंदींसाठी केलेले एक अंतर्गत पान माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालत होते, पण तेच पान दुसऱ्या संगणकावर साध्या एचटीटीपीने, १९२.१६८ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून उघडले, तेव्हा बटण दाबून काहीही होईना. तिथे नेव्हिगेटर.क्लिपबोर्ड हीच वस्तू ‘अनडिफाइंड’, म्हणजे अस्तित्वातच नसलेली, असते. मी चूक झाल्यास दखल घेण्यासाठी पुढे ‘कॅच’ हा कोडचा भाग जोडला होता, परंतु प्रॉमिस (नंतर येणाऱ्या निकालाची जागा धरणारी वस्तू) निर्माण होण्याआधीच चूक उद्भवल्यामुळे तो कधी चाललाच नाही, आणि वापरणाऱ्याला ना ‘कॉपी झाले’ दिसले ना ‘झाले नाही’. अशा ठिकाणी प्रमाणपत्र बसवून पान एचटीटीपीएसवर नेणे हाच खरा उपाय आहे; ते शक्य नसेल, तरच एक्झेककमांडकडे वळावे.

एक्झेककमांड साध्या एचटीटीपीवरही चालते, मात्र तिची किंमत कोडमध्ये मोजावी लागते. पानात एक टेक्स्टएरिया (अनेक ओळींचा मजकूर लिहायचा रकाना) घालायचा, त्यात मजकूर भरायचा, तो निवडायचा, कॉपीची आज्ञा द्यायची आणि टेक्स्टएरिया काढून टाकायचा. तो ‘डिस्प्ले: नन’ करून लपवला तर निवड होत नाही, त्याऐवजी साधा इनपुट वापरला तर ओळी तुटण्याच्या जागा नाहीशा होतात. फोकस, म्हणजे कीबोर्डचा रोख, बटणावरून हलतो, तो परत आणावा लागतो. सर्वांत फसवी जागा म्हणजे शोमोडल या आज्ञेने उघडलेला डायलॉग, म्हणजे पानावर येणारी छोटी खिडकी: तो उघडा असताना बाहेरचे सगळे पान निष्क्रिय असते, त्यामुळे बॉडीच्या शेवटी जोडलेल्या टेक्स्टएरियाला फोकस मिळत नाही आणि कॉपी होत नाही. टेक्स्टएरिया डायलॉगच्या आतच जोडावा लागतो. शिवाय ही पद्धत अधिकृतरीत्या कालबाह्य ठरवलेली आहे, ब्राउझरांनी ती अद्याप काढलेली नसली तरी.

लायब्ररीबद्दल थोडक्यातच सांगता येईल. क्लिपबोर्ड.जेएस २०१५ मध्ये आली तेव्हा कॉपीसाठी लोक फ्लॅश या ब्राउझरच्या जुन्या प्लगिनचा आधार घेत होते, आणि त्या जाचातून तिने सुटका केली. ती जीझिपने दाबल्यावर अवघी तीन केबी आहे आणि टेक्स्टएरियाची उठाठेव अंगावर घेते. परंतु आतून एक्झेककमांडच असल्यामुळे तिच्या मर्यादाही त्याच आहेत. नव्या कामात मी ती घेणार नाही.

आता दुसरा प्रश्न. ‘लिंक कॉपी करा’ दाबल्यावर सर्व्हरकडून लिंक मागवायची आणि ती आल्यावर राइटटेक्स्टला द्यायची, असे लिहिले तर डेस्कटॉपवरच्या क्रोममध्ये सहसा अडचण येत नाही, पण आयफोनवरची सफारी नकार देते, कारण उत्तर येईपर्यंत वापरकर्त्याच्या क्लिकची मुदत तिच्या लेखी संपलेली असते. यावर उपाय म्हणजे क्लिक होताच क्लिपबोर्डआयटेमला (क्लिपबोर्डवर ठेवायच्या मजकुराची वस्तू) प्रॉमिस सोपवून क्लिपबोर्ड.राइट बोलावणे, फायरफॉक्समध्ये मात्र क्लिपबोर्डआयटेम २०२४ मधील १२७ व्या आवृत्तीपासूनच आहे. मला त्याहून साधा मार्ग पसंत आहे: शेअरचा चौकोन उघडतानाच लिंक मागवून ठेवावी, आणि ती येईपर्यंत बटण बंद ठेवावे.

मार्ग कोणताही निवडला, तरी कॉपी काय होते याकडे लक्ष हवे. खाते क्रमांक वाचायला सोपा जावा म्हणून आपण चार-चार अंकांचे गट पाडून दाखवतो, आणि मराठी पानावर तो कदाचित देवनागरी अंकांतही दाखवतो. पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा उचलला, तर मोकळ्या जागा आणि देवनागरी अंक दोन्ही क्लिपबोर्डवर जातात. मग बँकेच्या रकान्यात अंकसंख्येची मर्यादा असली, की शेवटचे दोन-तीन अंक गळून पडतात. म्हणून कॉपीसाठीचे मूल्य मूळ डेटामधून घ्यावे, पडद्यावरून नव्हे. बटण फॉर्ममध्ये असेल तर त्याचा प्रकार ‘बटन’ असा स्पष्ट लिहावा, नाहीतर कॉपी करताना फॉर्मच सबमिट होतो. ‘कॉपी झाले’ ही सूचना ‘स्टेटस’ भूमिकेच्या घटकात द्यावी, म्हणजे स्क्रीन रीडर ती वाचून दाखवेल. कॉपी फसलीच, तर नुसता लाल रंग दाखवण्यापेक्षा तो क्रमांक पानावरच निवडलेल्या अवस्थेत ठेवावा, म्हणजे समोरच्याला कंट्रोल-सी दाबून आपले काम पुढे नेता येईल.