खुबा बदलायचा: सिमेंटचा की बिनसिमेंटचा?

आमच्या घरात दोन खुबे बदलले. आई 74 वर्षांची, सगळा जन्म विड्या वळण्यात गेलेला. आतेभाऊ 43 चा. रक्तपुरवठा थांबून त्याच्या खुब्याचा गोळा खचला होता. दोघांना वेगवेगळे सांधे बसले.

आईची हाडं ठिसूळ, म्हणून नव्या सांध्याची मांडीच्या हाडात जाणारी दांडी हाडाच्या सिमेंटमध्ये बसवली. ते दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. भावाचं हाड टणक. त्याची खडबडीत दांडी ठोकून बसवली; पुढच्या काही महिन्यांत हाडच तिला धरतं. ठिसूळ हाडात अशी दांडी ठोकताना ते तडकायची भीती जास्त. बिनसिमेंटचा म्हणजे भारीतला, हे डोक्यातून काढा.

बिल फुगतं ते दांडीवरचा गोळा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी यांवर. धातूचा गोळा नि वाटीला प्लास्टिकचं अस्तर सगळ्यांत स्वस्त. सत्तरीपुढे मी तिथेच थांबेन. फक्त अस्तर ‘हायली क्रॉसलिंक्ड’ आहे ना, ते विचारा; ते कमी झिजतं. चाळिशीतल्या माणसाला त्याच अस्तरावर सिरॅमिकचा गोळा चांगला. दोन्हीकडे सिरॅमिक घेतलं तर झीज आणखी कमी, पण एखाद्याचा सांधा चालताना कुरकुरतो, फार क्वचित तडकतोही. धातूवर धातू मात्र नको. असा एक सांधा 2010 मध्ये कंपनीनेच जगभरातून परत मागवला होता.

दोघंही दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहिले. सिमेंटने तिथे काही फरक पडला नाही. फरक पडला तो घरामुळे. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल तर निदान सहा ते बारा आठवडे खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पाय एकमेकांवर टाकायचे नाहीत. म्हणजे जमिनीवरची बैठक बंद, बसका संडास बंद. भावाकडे कमोड होता; आमच्याकडे ऑपरेशननंतर धावपळ झाली. तुम्ही आधीच कमोडची खुर्ची आणि उंच कॉट आणून ठेवा.

पुणे की आमचं सोलापूर? भाऊ पुण्याला गेला, आणि प्रत्येक तपासणीला अडीचशे किलोमीटर गाडीत अवघडून बसला. साध्या, पहिल्या ऑपरेशनसाठी मी इथलाच नेहमी खुबे बदलणारा सर्जन बघेन. जुना सांधा काढून नवा घालायचा असेल तर पुणं.

ऑपरेशननंतर पोटरी सुजली किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.

आई आता खुर्चीवर बसते, विड्यांचं सूप टेबलावर ठेवते. अशी वळलेली विडी सैल होते म्हणते.