टॉवर कूलर की लिक्विड? एकाच मशीनवर दोन्ही वापरून झाल्यावर

मे महिना, नागपूर, दुपारचे तीन, व्हिडिओचा एक्स्पोर्ट (एडिट झालेली फाइल बाहेर काढणं) ४० टक्क्यांवर आणि प्रोसेसर १०० डिग्रीला टेकलेला. ज्यांच्या घरी हे चालू आहे आणि आता नवा कूलर घ्यायचं ठरलंय पण टॉवर घ्यावा की लिक्विड इथे गाडी अडलीये, त्यांच्यासाठी लिहितोय. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, मशीन इंटेलच्या कोअर आय७-१२७०० प्रोसेसरचं, आणि दोन्ही प्रकार ह्याच मशीनवर ह्याच खोलीत वापरलेत. लॅबमधली मापं माझ्याकडे नाहीत, जे बघितलं तेवढं सांगतो. आणि इथे कूलर म्हणजे प्रोसेसरवरचा बरं का, खिडकीतला वाळ्याच्या ताट्यांचा नाही, जरी त्याचापण विषय पुढे येणार आहे. टॉवर म्हणजे तांब्याच्या नळ्या (हीटपाइप) आणि धातूच्या पात्यांचा उभा ठोकळा, त्याला पंखा लावलेला; लिक्विड म्हणजे प्रोसेसरवर बसलेला पंपाचा ब्लॉक नळ्यांमधून पाणी पंख्यांच्या रेडिएटरकडे फिरवतो तो.

आधी एक विनंती, पैसे खर्च करायच्या आधी एक दिवस नुसतं टेम्परेचर चढतं कसं ते बघा. लोड टाकल्या टाकल्या दोन-तीन सेकंदात ९५ च्या वर उडी मारली तर बहुतेक कूलर नीट बसलेला नाही, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळलीये, किंवा कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायचीच राहिलीये, हे मी ओळखीच्या दोन घरी डोळ्यांनी बघितलंय. वीस-पंचवीस मिनिटं घेत हळूहळू चढलं तर दोष प्रोसेसरवरच्या कूलरचा कमी आणि कॅबिनेटमधली हवा कोंडण्याचा जास्त, पुढची जाळी साफ करा, मागचा पंखा हवा बाहेर फेकतोय की आत ओढतोय ते बघा. माझ्या बाबतीत तिसरंच निघालं, ह्या प्रोसेसरची बेस पॉवर ६५ वॅट आणि टर्बोला (थोड्या वेळापुरत्या जास्तीच्या वेगाला) तो १८० वॅटपर्यंत जातो, आणि मदरबोर्डच्या बायोसमध्ये (मूळ सेटिंग्जमध्ये) टर्बोच्या वेळेची लिमिट मोकळी सोडलेली होती, म्हणजे तासभर एक्स्पोर्ट चालला तर तासभर तो टर्बोतच. प्रोसेसरसोबत बॉक्समध्ये आलेला कूलर ६५ च्या हिशेबाने ठीक आहे, १८० ला तो काय करणार. मी लिमिट १२५ वॅटवर आणली, एक्स्पोर्टला थोडा जास्त वेळ लागायला लागला पण ताप बराच उतरला, आणि तरीही उन्हाळ्यात पुरेना म्हणून २०२२ च्या मे मध्ये लिक्विड घेतला, २४० एमएम रेडिएटरचा.

थंड करण्यात लिक्विड पुढे आहे, हे प्रामाणिकपणे सांगायलाच पाहिजे. खोलीत ३५-३६ डिग्री असताना १२५ वॅटवर माझा लिक्विड ७० च्या आसपास राहायचा, आताचा टॉवर (सहा हीटपाइप, दोन पंखे) ७६-७७ ला राहतो. सहा-सात डिग्रीचा फरक झाला, पण त्या सहा डिग्रीने माझा एक्स्पोर्ट एक मिनिटही लवकर झाला नाही, कारण हा प्रोसेसर १०० ला पोचेपर्यंत स्पीड कमी करत नाही. दुसरं म्हणजे, ह्या दोन्हीतला कुठलाही कूलर असो, खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो करू शकत नाही, खोली ४० ला गेली की दोघांचेही आकडे तेवढेच वर सरकतात. छोट्या छोट्या झटक्यांच्या कामात मात्र लिक्विड शांत राहतो, पाणी तापायला वेळ लागतो म्हणून पंखे लगेच ओरडत नाहीत, टॉवरचा पंखा दर प्रीव्ह्यूला वर-खाली होत राहतो. मी बायोसमध्ये फॅनला थोडा डिले दिला तेव्हा कुठे ते थांबलं.

आता ज्याच्यामुळे माझं ठरलं ते.

लिक्विडमध्ये पहिल्यापासून एक बारीक आवाज होता. मशीन चालू केलं की आधी गुळगुळ, हवेचा बुडबुडा पंपातून गेल्यासारखी, मग एक मंद सूं. दिवसा ऐकू यायचा नाही, पण मी काम रात्री करतो, कारण रात्री खोली थंड असते, आणि आई त्याच खोलीत झोपते. तिने कधी तक्रार केली नाही पण मला ऐकू यायचं. सुरुवातीला वाटलं जाऊ दे, सवय होईल. पुढे दोन वर्षांनी ती गुळगुळ नुसती चालू करताना न राहता अधूनमधून दिवसभर यायला लागली. ह्याचं कारण समजून घेतलं तर ते साधं आहे, रबराच्या नळ्यांमधून पाणी वर्षानुवर्षं अगदी थोडं थोडं उडतच असतं, आतली हवा वाढत जाते, आणि हवा सर्वात उंच जागा शोधते. म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपाच्या वर पाहिजे म्हणतात, आणि माझा तसाच बसवलेला होता. म्हणजे माझ्याकडून करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाणी कमी झालंय हे कळतंय पण घालायचं कुठून, बंद डबा, उघडला की वॉरंटी गेली.

आणि मग तुळशीचं लग्न झालं, आमचा सीझन सुरू झाला, तीन लग्नांचं फुटेज पडलेलं, आणि एका रात्री प्रोसेसर काही सेकंदात १०० ला. बायोसमध्ये पंपाचा आरपीएम (फिरण्याचा वेग) बघितला तर अगदी नॉर्मल! मी पेस्ट बदलली, स्क्रू परत आवळले, दोन रात्री ह्यात गेल्या. तिसऱ्या रात्री हात लावून बघितलं, पंपाचा ब्लॉक चटका बसेल एवढा गरम आणि रेडिएटर मात्र थंडगार. मोटर फिरत होती पण पाणी सरकत नव्हतं, ब्लॉकच्या आतल्या बारीक फटी गाळाने बंद झालेल्या असणार. असणार म्हणतोय कारण बघता तर येतच नाही, आणि मला जे खटकलं ते हेच. आकडा सांगत होता सगळं ठीक आहे, आणि आत काहीच ठीक नव्हतं.

वॉरंटी होती, वाद न घालता घेतली त्यांनी. पण आख्खा सेट कुरिअर करा, तिकडे तपासणी, मग बदली, ह्यात एकोणीस दिवस गेले. जुना बॉक्समधला कूलर मी फेकला नव्हता म्हणून वाचलो, तो लावून पॉवर लिमिट ६५ वर आणून कसंबसं काम रेटलं, एका घरी अल्बम आणि व्हिडिओ उशिरा द्यावा लागला ते अजून मनात आहे. त्याच आठवड्यात टॉवर मागवला.

टॉवरच्या हीटपाइपमध्येपण पाणीच असतं, ही गंमत मला नंतर कळली. तांब्याच्या बंद नळीत थोडंसं पाणी कमी दाबाखाली भरलेलं, प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, वर पात्यांमध्ये जाऊन ती थंड होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी आपोआप परत खाली झिरपत येतं, जशी दिव्याची वात तेल ओढते तसं. म्हणजे पाणी तर इथेही फिरतंय, फक्त ते फिरवायला मोटर नाही. बिघडण्यासारखा एकच भाग, पंखा, आणि तो तर समोर दिसतो. ह्या एप्रिलमध्ये दोनपैकी एक पंखा करकर करायला लागला, इथल्या सीताबर्डी बाजारातून साधा १२० एमएमचा चार पिनांचा पंखा आणला, तारेच्या क्लिपा काढल्या, लावल्या, चहा थंड व्हायच्या आत मशीन चालू. कंपनीला कळवायचीसुद्धा गरज पडली नाही.

टॉवरची कटकट नाही असं नाही. अवजड असतो, कॅबिनेट आडवं न ठेवता गाडीत नेलं तर बोर्डावर ताण येतो, त्यामुळे ज्यांना मशीन घेऊन शूटवर जावं लागतं त्यांनी विचार करा. बऱ्याच चांगल्या टॉवरांची उंची १५५ मिलिमीटर किंवा वर जाते, तुमच्या कॅबिनेटची काच बंद होईल का ते आधी मोजा, रॅमची उंचीपण मोजा. आणि आपल्या विदर्भातली खास गोष्ट म्हणजे खिडकीतला कूलर, त्याची दमट हवा आणि बाहेरची धूळ मिळून पात्यांवर जो थर बसतो तो नुसत्या ब्लोअरने उडत नाही, चिकटतो. मी कॅबिनेट कूलरच्या झोतातून बाजूला घेतलं आणि दर महिन्याला मऊ ब्रशने पाती झाडतो. रेडिएटरच्या पात्या ह्याहून दाट, त्या झाडायला मला जास्त त्रास व्हायचा, पण तो माझा अनुभव, तुमची खोली वेगळी असेल.

पैशाचं सांगायचं तर मला टॉवर साडेतीन हजाराला पडला आणि लिक्विड साडेसात हजाराला. पैसा हे माझं कारण नव्हतं, सीझनमध्ये एकोणीस दिवस हेच कारण. पण ज्यांचा प्रोसेसर ६५ ते १२५ वॅटच्या पट्ट्यात चालतो त्यांना मी तरी, विचारलंत तर, टॉवरच घ्या म्हणेन. कोणी लिक्विड घेतला तर चुकला असं मी म्हणणार नाही, कित्येकांचे पाच-सहा वर्षं बिनतक्रार चालतात. फक्त घेतलात तर जुना कूलर आणि त्याचे ब्रॅकेट (बसवायच्या पट्ट्या) फेकू नका, आणि वर्षातून एकदा लोड टाकून ब्लॉक आणि रेडिएटर दोन्हीला हात लावून बघत जा, आकड्यावर एकट्यावर विसंबू नका.

जिथे लिक्विड मला खरंच पटतो ती जागापण आहे. माझ्या मामेभावाने थ्रीडीच्या कामासाठी रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर घेतलाय, तो फुल लोडला २३० वॅट ओढतो आणि ९५ डिग्रीपर्यंत चालण्यासाठीच बनवलेला आहे, ९५ दिसले म्हणून त्यात घाबरण्यासारखं नाही. पण एवढी उष्णता तासन्‌तास बाहेर काढायची तर टॉवर धापा टाकतो, आणि त्याच्या खोलीत एसी आहे, रात्री कोणी झोपत नाही. वॉरंटीत बदलून आलेला माझा लिक्विड सेट तेव्हापासून माळ्यावर न वापरता पडलाय, भावाच्या प्रोसेसरच्या सॉकेटला (बसायच्या जागेला) लागणारे ब्रॅकेट बॉक्समध्ये आहेत हे कालच उघडून बघितलं, दिवाळीत भाऊ आला की सेट त्याच्याकडेच जाईल, सोबत एक टॉवरपण स्पेअर घेऊन ठेव असं त्याला सांगितलंय.