फाटकी जाळी की जुन्या होडीच्या फळ्या?

टाकाऊ वस्तूंतून समाजावर भाष्य करणारे मांडणीशिल्प (जागेत वस्तू मांडून केलेली कलाकृती) कोकण किनाऱ्यावर उभारायचे, तर दोन साहित्ये सहज हाताशी येतात: मोडीत निघालेल्या लाकडी होडीच्या फळ्या आणि फाटकी नायलॉनची जाळी.

फळ्यांवर डांबराचे थर आणि गंजलेले खिळे असतात. फायबरच्या होड्या आल्यावर सुतारांच्या हातून गेलेले काम त्यांतून दाखवता येते. मात्र अशी कलाकृती पाहणाऱ्याला हळवे करून तिथेच थांबते, असे मला वाटते.

जाळ्यांचे तसे नाही. समुद्रात सुटलेले जाळे कुजत नाही, ते मासे पकडतच राहते, आणि वेळास, आंजर्ले येथे अंडी घालणारी ऑलिव्ह रिडले कासवेही अशा जाळ्यांत अडकतात. त्याच्या गाठींत गुंतलेली बाटलीची बुचे, चपलेचा पट्टा, थर्माकोलचे तुकडे तसेच ठेवले, तर दोष एकट्या मच्छीमाराचा नसून घाटावरून येणाऱ्या पर्यटकाचा आणि आपल्या घराचाही आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. भारतीय कलावंत विवान सुंदरम यांनी तर कचऱ्यातूनच अवघे शहर मांडले होते.

म्हणून माझी निवड जाळ्यांची. मात्र उन्हात नायलॉनचे बारीक तंतू सुटतात, तेव्हा जाळी वाळूवर न मांडता छपराखालीच मांडावीत.