खोपोलीला दोन दिवस, बिडदीला एक: बेळगावहून निघणाऱ्यांसाठी हिशेब

परीक्षा संपल्या की बेळगावच्या आमच्या शहापुरात घरोघरी एकच विषय निघतो, पोरांना यंदा कुठं न्यायचं. मोठं थीम पार्क म्हटलं तर आपल्यापुढं दोन नावं असतात. खोपोलीचं इमॅजिका आणि बंगळूरजवळच्या बिडदीचं वंडरला. रस्ता दोन्हीकडं एकच, पुणे-बंगळूर हायवे. फक्त तोंड उलट दिशेला. बेळगावहून खोपोली साधारण सव्वाचारशे किलोमीटर, बंगळूर पाचशेच्या आसपास. अंतरात फार फरक नाही, म्हणून लोक विचारतात, "कुठलं भारी?" मला वाटतं, आधी विचारायला हवं ते वेगळंच: हातात दिवस किती आहेत? कारण ही दोन ठिकाणं वेगवेगळा वेळ खातात, आणि आम्ही ते एकदा चुकून, पोरांना रडवून शिकलो.

बांधणीतला फरक

वंडरला 2005 साली सुरू झालं. सुमारे 82 एकर, साठेक राइड्स, आणि कोरड्या व पाण्यातल्या सगळ्या राइड्स एकाच तिकिटात, एकाच कुंपणाच्या आत. सकाळी कोरड्या राइड्स करा, जेवा, कपडे बदला आणि पाण्यात उतरा. दिवस आपोआप दोन भागांत पडतो.

इमॅजिकाचं तसं नाही. थीम पार्क 2013 साली आलं, वॉटर पार्क त्याच्या पुढच्या वर्षी, मग स्नो पार्क. प्रत्येकाचं तिकीट वेगळं. थीम पार्क हाच पूर्ण दिवसाचा मामला आहे, कारण तिथं राइडइतकाच तिच्याभोवतीचा देखावा बघायचा असतो. 'नायट्रो' हा पायाखाली फळी नसलेला रोलर कोस्टर, 'डीप स्पेस'चा अंधारातला कोस्टर, सलीमगढचं भुताटकीचं घर, 'राजासॉरस'ची डायनोसॉरमधून जाणारी होडी, 'आय फॉर इंडिया'त खुर्चीत बसून देशावरून उडणं. यातलं निम्मं तर सावलीत, आत बसून बघायचं आहे. घाईत ते बघून काहीच पदरात पडत नाही.

आम्ही एका दिवसात खोपोली केली ती गोष्ट

मुंबईच्या स्लीपर बसनं रात्री निघालो. निघताना आई म्हणाली होती, "रात्रभर गाडीत आणि दिवसभर पाण्यात? पोरं आजारी पाडतासा काय?" आम्ही हसून सोडून दिलं. बसनं एक्सप्रेसवेवर उतरवलं तेव्हा अजून अंधार होता. गेट उघडायला पाच तास. सहा माणसं, चार पिशव्या, आणि तोंड धुवायला जागा नाही. शेवटी एका लॉजची खोली तीन तासांसाठी घेतली आणि पैसे मात्र पूर्ण दिवसाचे मोजले.

अकराच्या सुमारास आत गेलो. दोन्ही पार्कांचं तिकीट काढलं होतं, कारण "एवढ्या लांब आलोय तर सगळं बघू." नायट्रोच्या रांगेत पाऊण तास गेला. दोनच्या ठोक्याला थीम पार्क अर्धवट टाकून वॉटर पार्ककडं निघालो. लॉकर, कपडे, पुन्हा तपासणी, यात आणखी पाऊण तास. धाकटी लाटांच्या तलावाच्या काठावरच टॉवेलात झोपली. थोरला म्हणाला, "बाबा, मला परत त्या डायनोसॉरकडं जायचंय," आणि ते आता शक्य नव्हतं. दोन तिकिटांचे पैसे देऊन आम्ही दोन्ही पार्क निम्मे-निम्मे पाहिले. ते अजून मनात सलतं, कारण चूक पार्काची नव्हती. आमच्या नियोजनाची होती.

तीच खोपोली दोन दिवसांत

पुढच्या खेपेला एक रात्र मध्ये घातली आणि सगळं बदललं. सकाळी लवकर स्वतःच्या गाडीनं निघालो, वाटेत कराडला दशम्या आणि शेंगांची चटणी खाल्ली. कागल ते सातारा रुंदीकरणाच्या कामामुळं वेळ जातो, तो धरूनच निघावं. संध्याकाळी खोपोलीत पोचून झोपलो. दुसऱ्या दिवशी गेट उघडतानाच आत.

पहिला पूर्ण दिवस थीम पार्कला. सकाळी आधी नायट्रो आणि डीप स्पेस, कारण त्यांच्या रांगा दुपारी वाढतात. भर उन्हात आतल्या राइड्स. पोरं ताजी होती, म्हणून आवडलेली राइड दुसऱ्यांदाही झाली, आणि संध्याकाळची मिरवणूक बघायला उभं राहायला पायांत त्राण उरलं. रात्री झोप. सकाळी वॉटर पार्क, दुपारी तीनपर्यंत मनसोक्त, मग गाडी बेळगावच्या दिशेनं. घरी पोचायला मध्यरात्र होते, ते मान्य करावं लागतं. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी कोल्हापुरात मुक्काम करावा.

राहायला पार्काला लागूनच नोवोटेल आहे. सोय उत्तम, पण खिशाला जड. आमच्यासारख्यांनी खोपोली गावातलं लॉज किंवा पालीचं भक्तनिवास बघावं. आणि इथं बेळगावच्या घरांसाठी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर, अष्टविनायकांपैकी दोन गणपती या भागात आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना राइड्सच्या रांगेत उन्हात बसवून ठेवण्यात अर्थ नाही, आणि त्यांचं तिकीटही वाया जातं. आमची आई दुसऱ्या दिवशी काकूबरोबर रिक्षानं दर्शनाला गेली आणि आमच्यापेक्षा जास्त खूष होऊन आली.

तिसरा दिवस? स्नो पार्क राहिलं म्हणून कुणी सांगेल. तेवढ्यासाठी आणखी एका रात्रीचे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

बिडदीला एक दिवस का पुरतो

राणी चन्नम्मा एक्सप्रेस संध्याकाळी बेळगावहून निघते आणि सकाळी बंगळूरला सोडते. बर्थवर झोपून गेलेली पोरं आणि बसच्या सीटवर चुरगळलेली पोरं, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. स्टेशनवर किंवा नातेवाइकांकडं आवरायचं, आणि म्हैसूर मार्गावरच्या गाडीनं बिडदी. बिडदीची तट्टे इडली प्रसिद्ध आहे. नाश्ता तिथंच करावा, कारण दोन्ही पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. घरचे डबे प्रवासापुरतेच बांधा.

अकराला आत, एकपर्यंत कोरड्या राइड्स, जेवण, आणि बंद होईपर्यंत पाणी. शनिवार-रविवार सोडला तर एवढ्यात मोठ्या राइड्स होतात. गर्दीच्या दिवशी जायचंच असेल तर फास्ट ट्रॅकच्या, म्हणजे जास्त पैसे देऊन रांग टाळायच्या, तिकिटाचा विचार करा. एरवी ते पैसे वाचवा. पोहण्याचे नायलॉनचे कपडे घरूनच न्या. सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत. आवारातच त्यांचं रिसॉर्ट आहे, पण मला त्यात रात्र घालवायची गरज वाटत नाही. रात्रीच्या गाडीनं परत निघता येतं. आता बेळगाव-बंगळूर वंदे भारतही सुरू झाली आहे, तीही परतीला चालते: बंगळुरात रात्र काढून दुसऱ्या दिवशी दुपारी निघालं की रात्री बेळगाव.

म्हणजे नोकरदाराची एकच रजा हाताशी असेल तर बिडदी. दोन-तीन दिवस जोडून मिळत असतील तर खोपोली. एका दिवसाची खोपोली मात्र कुणी करू नये, निपाणीकरांनीही नाही.

निपाणीचं नाव मुद्दाम घेतलं. निपाणी, चिकोडी भागातून खोपोली बेळगावपेक्षा साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरनं जवळ पडते, त्यामुळं "सकाळी जाऊ, रात्री येऊ" असं मनात येतं. हिशेब करून बघा: साडेतीनशे किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, मध्ये सात तास उन्हात चालणं, आणि परतीला गाडी चालवणारा माणूसही तोच दमलेला. खानापूरकरांना उलट बिडदीच सोयीची, कारण बंगळूरकडं जाणारी रेल्वे दारावरूनच जाते.

पोरांची उंची आणि सुट्ट्यांचं गणित

दोन्हीकडं वय नव्हे, उंची मोजतात. निघण्याआधी भिंतीला उभं करून पोरांची उंची मोजा आणि पार्काच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची अट बघा. सगळी पोरं लहान असतील तर मोठे कोस्टर बादच होतात, आणि मग खोपोलीतही थीम पार्कला एक दिवस निवांत पुरतो. त्या वेळी वॉटर पार्क सोडून द्या. दोन दिवस लागतात ते आठवी-नववीतल्या पोरांना.

आता आपल्याकडचा खरा फायदा. बेळगावच्या मराठी शाळांनाही कर्नाटकाचं वेळापत्रक आहे. उन्हाळी सुट्टी आपल्याला एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच लागते, तेव्हा महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळा भरलेल्या असतात. दसऱ्याची लांब सुट्टी कर्नाटकात असते, महाराष्ट्रात ती दिवाळीत. म्हणून एप्रिलच्या मध्यात किंवा दसऱ्याच्या सुट्टीत, मधल्या वारी, खोपोलीत रांगा कमी. आणि नेमक्या त्याच दिवसांत बिडदीला सगळं कर्नाटक लोटलेलं. दिवाळीत बरोबर उलटं. हे एवढं पाळलं तरी रांगेतला कितीतरी वेळ वाचतो.

हवेचंही बघा. खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणच्या बाजूला. एप्रिल-मेचा दमटपणा आपल्या बेळगावच्या पोरांना सोसत नाही, आणि पावसाळ्यात तिथं असा पाऊस कोसळतो की उघड्यावरच्या राइड्स थांबवाव्या लागतात. बंगळूर उंचावर, तिथलं ऊन सुसह्य. पण डिसेंबर-जानेवारीत पाण्यातून बाहेर आलं की पोरं कुडकुडतात.

यंदा आमच्या थोरल्याचं दहावीचं वर्ष, रजा एकच मिळणार. म्हणून दिवाळीत बिडदीला जायचं ठरवलंय. डायनोसॉरकडं पुढच्या दसऱ्याला, दोन दिवस राखून.