फॉरमॅट मारण्याआधी हे वापरून बघा : ऑटोरन्स

नाशिकला रविवार कारंज्याजवळ माझं डीटीपी सेंटर आहे, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर मांडून देण्याचं दुकान. वर्षभर पत्रिका आणि बिलबुकं, आणि जानेवारी ते मार्च पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या बॉक्सची लेबलं. नेमका याच सीझनला मुख्य पीसी अडून बसायला लागला. डेस्कटॉप दिसायचा, पण बराच वेळ काहीच उघडायचं नाही. फाइलवर राइट-क्लिक केलं की मेनू येईपर्यंत समोरचा शेतकरी दोनदा घड्याळ बघायचा.

दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडताच सांगितलं, "ताई, फॉरमॅट मारू." त्याचं काम अर्ध्या दिवसाचं, पण मला मराठी फॉन्ट, जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल (पीसीला लावलेली त्याची किल्ली), प्रिंटरची सेटिंग्ज, कलर प्रोफाइल सगळं पहिल्यापासून बसवावं लागलं असतं. नेमकं अडतंय कुठे, हे कळल्याशिवाय मी मशीन देणार नव्हते. म्हणून ऑटोरन्स उतरवून घेतलं. पीसीबरोबर काय काय आपोआप सुरू होतं, त्याची यादी ते दाखवतं.

हे सिसइंटर्नल्स नावाच्या विंडोज टूल्सच्या संचातलं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी ही टूल्स लिहिली, २००६ साली मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी विकत घेतली, आणि आजही ती मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतात. इन्स्टॉल करावं लागत नाही. झिप उघडायची, फाइलवर राइट-क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये माझ्याकडे मोजक्या ओळी दिसत होत्या. इथे यादी संपेचना. लॉगऑन, शेड्यूल्ड टास्क्स, सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम), ड्रायव्हर्स, प्रिंट मॉनिटर्स, प्रत्येकाला वेगळा टॅब. आपण न विचारता जे जे आपोआप सुरू होतं, ते सगळं इथे सापडतं. पहिलं काम म्हणजे ऑप्शन्समध्ये जाऊन 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज'वर टिक करा. विंडोजचं स्वतःचं सामान नजरेआड होतं आणि बाहेरून आलेलं तेवढं उरतं.

रंग नीट समजून घ्या, कारण लोक इथेच घाई करतात. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे, पण फाइल जागेवर नाही. माझ्याकडे फ्लॅश प्लेअर अपडेट करायचं टास्क असं पिवळं होतं. फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० लाच संपला. अशा ओळी काढल्या की यादी स्वच्छ होते, पण वेगात फारसा फरक पडत नाही, कारण तिथे चालण्यासारखं काही उरलेलंच नसतं. गुलाबी ओळ म्हणजे फाइल कोणत्या कंपनीची ते कळत नाही किंवा तिची डिजिटल सही पडताळता येत नाही. गुलाबी म्हणजे व्हायरस, असं मुळीच नाही. माझ्या डोंगलचा जुना ड्रायव्हर गुलाबीच दिसतो, आणि तो बंद केला तर डीटीपी सॉफ्टवेअर उघडणार नाही.

खरा त्रास निघाला 'एक्सप्लोरर' टॅबमध्ये. राइट-क्लिकच्या मेनूत स्वतःची ओळ घालणारे प्रोग्राम तिथे दिसतात. त्यात एका जुन्या बॅकअप युटिलिटीचं एक्स्टेन्शन होतं. आमच्या जुन्या सर्व्हरवर बॅकअप जायचा तेव्हाचं. सर्व्हर केव्हाच भंगारात गेला, पण ही युटिलिटी प्रत्येक राइट-क्लिकला नेटवर्कवर त्याला शोधत बसायची. तिची टिक काढली, साइन आउट करून परत आले, आणि मेनू क्लिकसरशी समोर. तिचीच सर्व्हिस 'सर्व्हिसेस'मध्ये चालू होती, तीही बंद केली. विकून टाकलेल्या प्रिंटरचा स्टेटस दाखवणारा प्रोग्राम लॉगऑनमध्ये होता, तोही गेला. आता मशीन चालू केल्यावर लगेच कामाला बसता येतं.

टिक काढणं आणि डिलीट करणं यात फार फरक आहे. टिक काढलेली नोंद परत टिक करून जागेवर आणता येते. डिलीट केलेली इथून परत येत नाही. म्हणून आधी फाइल मेनूतून सगळी यादी सेव्ह करून ठेवा. पुढे नवीन काही इन्स्टॉल केल्यावर 'कम्पेअर'ने जुनी यादी समोर धरली की काय वाढलं ते दिसतं. मला स्वतःला ही सोय सगळ्यात जास्त आवडली. ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये मात्र खात्री नसेल तर हात घालू नका, मशीन चालूच न होण्याची भीती तिथे असते.

उणिवाही आहेत. सगळं इंग्रजीत, अक्षरं बारीक, आणि कुठली ओळ कामाची, कुठली नाही हे टूल सांगत नाही. अनोळखी फाइल व्हायरसटोटल या व्हायरस तपासणाऱ्या साइटवर तपासायची सोय आहे, पण निर्णय आपणच घ्यायचा. आत्ता या क्षणी प्रोसेसर कोण खातंय ते बघायला याच घरातलं प्रोसेस एक्सप्लोरर लागतं. त्यात एसव्हीसीहोस्टवर, म्हणजे विंडोजच्या सर्व्हिसेस पोटात घेऊन चालणाऱ्या प्रोग्रामवर, माउस नेला की त्याच्या आत कुठल्या सर्व्हिसेस आहेत ते दिसतं. टास्क मॅनेजरमध्ये एकाच नावाच्या रांगा बघून गोंधळलेल्यांनी ते जरूर घ्यावं.

आणि माझ्यासारखं जुनं मशीन विंडोज १० वर असेल, तर त्याचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. ऑटोरन्स वेग परत देईल, सिक्युरिटी अपडेट देणार नाही. बँकेचं आणि जीएसटीचं काम मी म्हणूनच दुसऱ्या पीसीवर हलवलंय. हा पीसी आता फक्त लेबलं छापतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण बारीक अक्षरांचा कापला.